पडायला शिकवणारे गादीवाले

गोलकीपर व्हायचं म्हणून कुणी मुलगी मैदानावर आली, की गादीवाले तिला पहिले पंधरा दिवस बॉलला हात लावू देत नसत. ते तिला गादीवर बसवत आणि सांगत, “आता पड.” मुलगी इकडेतिकडे बघे, हसे आणि बसल्या जागी कलंडे. “तू पडली नाहीस, लवंडलीस. परत.” पोटरी, मांडी, कूस, खांदा असं एकामागून एक जमिनीला लागलं पाहिजे. कोपर आधी टेकलं, की गादीवाल्यांचा चेहरा आंबट व्हायचा. बसून जमलं की गुडघ्यांवरून, तिथून जमलं की ओणवं होऊन, आणि उभं राहून पडायची पाळी येईपर्यंत दीड महिना उलटलेला असे. तेवढ्यात अर्ध्या मुली कंटाळून फॉरवर्ड व्हायला निघून जात. त्याचं गादीवाल्यांना काही वाटत नसे. ज्याला पडायचा कंटाळा त्याने गोलमध्ये उभं राहूच नये, असं त्यांचं सरळ मत होतं, आणि मत बदलण्याच्या बाबतीत ते एकंदरीत आळशी होते.

गाद्या त्यांच्याच दुकानातल्या. दुकान म्हणजे एक लांबट खोली, तिच्यात छतापर्यंत फोमचे थर, एका कोपऱ्यात कापसाचा ढीग आणि मधोमध शिवायचं लाकडी फळकूट. गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या गाद्यांचा फोम कापून, दोन थर चिकटवून, वरून जाड रेक्झिन घालून ते दाभणाने स्वतः शिवायचे. जोड नेहमी कडेला. मधे जोड आला तर त्यात गुडघा अडकून मुरगळतो, हे त्यांना एका मुलीच्या सुजलेल्या गुडघ्याने शिकवलं होतं. अशा पाच गाद्या हातगाडीवर घालून ते रोज सकाळी सहाला मैदानावर हजर व्हायचे. क्लबने या कामाबद्दल त्यांना एक शिट्टी दिली होती. ती त्यांनी कधी वाजवली नाही.

मुली यायच्या आधी ते गोलसमोरची सगळी जागा वाकून वाकून फिरत. खडे, काचा, बाटलीची झाकणं उचलत. मग गोलचे दोन्ही खांब हलवून बघत आणि मागच्या आडव्या पाइपवर वाळूच्या पिशव्या नीट आहेत ना, ते तपासत. हलता गोल अंगावर पडून माणूस मरतो, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं आणि ते त्यांच्या डोक्यात कायमचं बसलं होतं. वरच्या दांडीला लोंबकळायची कुणालाच परवानगी नव्हती. एकदा क्लबचे सेक्रेटरी पाहुण्यांसमोर जोर दाखवायला लोंबकळले, तर गादीवाल्यांनी सगळ्यांदेखत त्यांना खाली उतरायला लावलं. सेक्रेटरी त्यांच्याशी चार महिने बोलले नाहीत. गादीवाल्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

एका सकाळी एका मुलीच्या वाट्याला चाळीस उड्या, एकेचाळिसावी नाही. दहा पावलांच्या आतून कुणी जोरात किक मारायची नाही. उंच बॉलला उडी घेताना एक गुडघा वर, म्हणजे समोरून येणारी चार हात लांब राहते. आणि तोंड सतत चालू पाहिजे: “माझा बॉल”, “मागे माणूस आहे”, “डावीकडे सरक”. मुकी कीपर म्हणजे भिंतीवर टांगलेलं कॅलेंडर, असं ते म्हणत. पण त्यांचा खरा लाडका नियम शेवटचा होता. पडलं की उठायचं. बॉलचा दुसरा टप्पा पडायच्या आत पायांवर उभं. “पडणं हे अर्धंच काम आहे,” ते सांगत. वीस वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली लांबून ओळखू यायच्या, त्या या उठण्यावरून.

एवढी सगळी काळजी त्यांच्यात आली कुठून, तर त्यांच्या स्वतःच्या अंगातून. त्यांचा उजवा खांदा कानाच्या वर जात नसे. डाव्या हाताची करंगळी भलतीच दिशा दाखवायची. त्यांना शिकवणारा म्हातारा कोच टणक जमिनीवर बॉल फेकायचा आणि कोपर सोलून निघालं की खूश व्हायचा. त्याच्या मते रक्त निघालं, म्हणजे धडा झाला.

आणि मग ती फायनल. ती सांगायचा हक्क कोपऱ्यावरच्या न्हाव्याने स्वतःकडे घेतला होता. तेवीस वर्षांचे गादीवाले, भरलेलं मैदान, पहिल्या हाफमध्ये डोक्याला बसलेली लाथ, तरी पठ्ठ्या उठला, आणि शेवटी ओळीने दोन पेनल्टी अडवल्या. दरवर्षी या गोष्टीत भर पडायची. अलीकडे दुसरी पेनल्टी गादीवाल्यांनी डोळे मिटून अडवली होती. गिऱ्हाईक खुर्चीत मान अडकवून बसलेलं, त्यामुळे ऐकण्यावाचून गत्यंतर नसे. गादीवाले दाढीला गेले, की न्हावी नव्या गिऱ्हाइकाला म्हणे, “हेच ते.” गादीवाले आरशात बघून हसत.

खरी गोष्ट अशी, की गादीवाल्यांना त्या फायनलचं काहीच आठवत नव्हतं. डाव्या बुटाची नाडी बांधत होतो, इथवर आठवायचं. त्यानंतर एकदम सकाळ, घरातली खाट, टेबलावर कप. त्यांनी आईला विचारलं होतं, “मॅच किती वाजता आहे?” आईला वाटलं, पोरगा मस्करी करतोय. पुढे वर्षभर डोकं ठणकत राहिलं, उजेडात बॉल दोन दिसायला लागले, आणि गादीवाल्यांनी खेळणं सोडलं. न्हावी सांगायचा, कळसावर असताना सोडलं. आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस त्यांनी लोकांच्या तोंडून ऐकला होता आणि लाजेपायी कुणाला सांगितलं नव्हतं. लाज कशाची, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. एकट्या बायकोला ठाऊक होतं.

सध्या त्यांच्याकडे दोन मुली होत्या. एक उशी. हे नाव तिचं तिनेच घेतलं होतं, कारण बॉल पोटाशी आला की उशीत डोकं रुतावं तसा रुतून बसायचा. तिला घाई कशाचीच नव्हती. दुसरी खार, सोळा वर्षांची, काटकुळी, एका जागी न ठरणारी. खारीचे वडील गोदामात क्रेन चालवायचे. आई नव्हती. खार बसून पडायला चार दिवसांत शिकली, उभ्याने पडायला दोन आठवड्यांत, आणि उठायची अशी, की पडली होती की नाही अशी शंका यावी. गादीवाल्यांना अपत्य नव्हतं. ते हे कधी बोलून दाखवत नसत, पण खारीला ग्लोव्ह्ज घट्ट झाले तर ते त्यांच्या लक्षात तिच्या आधी यायचं.

त्या वर्षी मुलींची टीम सेमीफायनलला पोहोचली. रविवारच्या फायनलला मोठ्या शहरातल्या क्रीडाशाळेचे दोन निवडकर्ते येणार होते. ज्या मुली घेतील त्यांचं राहणं, शाळा, खेळ, सगळं तिथे. खारीच्या वडिलांनी हे ऐकल्यापासून त्यांचं चालणंच बदललं होतं.

सेमीफायनल शुक्रवारी दुपारी होती. पहिल्या हाफमध्ये आपण एक गोल मारला. दुसऱ्या हाफमध्ये समोरची फॉरवर्ड एकटीच सुटली. खार पुढे धावली आणि शिकवल्याबरहुकूम आडवी होऊन तिच्या पायांत झेपावली. बॉल मिळाला, पण त्या मुलीचा गुडघा खारीच्या कानामागे बसला. खार पडली आणि दुसऱ्या टप्प्याच्या आत उभी. रेफरीने विचारलं, तिने अंगठा दाखवला. बाजूच्या बाकावर गादीवाल्यांनी मांडीवर थाप मारली. “असं उठायचं,” ते उशीला म्हणाले.

पाच मिनिटांनी समोरच्या टीमला फ्री किक मिळाली. बॉल भिंतीवरून वळून खांबाच्या आतल्या बाजूला निघाला होता. खार डावीकडे अशी काही लांबली, की वरच्या हाताची बोटं बॉलला लागली आणि तो बाहेर गेला. मैदान उठून उभं राहिलं. वडील तर कठड्यावर चढले.

कॉर्नर घ्यायची तयारी चालली होती. खार ओरडली, “जिराफ, मागचा खांब धर!”

जिराफ, म्हणजे आपली सगळ्यात उंच डिफेंडर, हाफटाइमपासून गादीवाल्यांच्या शेजारी बाकावर बसली होती. पायात गोळे आले म्हणून तिला बदललं होतं. तिने गळ्यातला टॉवेल काढला आणि विचारलं, “काका, ही मला का बोलावतेय?”

गादीवाल्यांनी खारीकडे एकदा पाहिलं. ते उठून कोचसाहेबांकडे गेले. “तिला बाहेर काढा.”

कोचसाहेब तिशीतला हुशार माणूस, मनाने वाईट नाही, पण त्या क्षणी त्याला फक्त घड्याळ दिसत होतं. “काका, आत्ता काय अडवलंय तिने, बघितलंत ना? आठ मिनिटं राहिलीत.”

गादीवाल्यांनी वाद घातला नाही. ते पायातल्या चपलांसकट सरळ मैदानात शिरले. कॉर्नर घेणारी मुलगी थांबली, रेफरीने शिट्टी मारली, समोरचा कोच हातवारे करायला लागला. गादीवाले गोलपाशी पोहोचले. “किती झालेत?” त्यांनी खारीला विचारलं.

“शून्य-शून्य,” खार म्हणाली. मग त्यांच्या चपलांकडे बघून म्हणाली, “काका, तुम्ही आत कसे?”

त्यांनी तिचे ग्लोव्ह्ज स्वतःच्या हाताने काढले आणि तिला दंडाला धरून बाहेर आणलं. रेफरीने गादीवाल्यांना लाल कार्ड दाखवलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला मुलींच्या मॅचमध्ये लाल कार्ड, लोकांना हसायला एवढं पुरे होतं. उशी सावकाश आत गेली, तिने राहिलेली आठ मिनिटं सावकाशच काढली, आणि टीम फायनलला गेली.

संध्याकाळी डॉक्टरने खारीच्या डोळ्यांत टॉर्च मारला, तिला एका रेषेवर चालायला लावलं, बोटं मोजून घेतली. “तपासण्यात तरी काही दिसत नाही,” डॉक्टर म्हणाला. “पण विश्रांती द्या, खेळ बंद. उलटी झाली, गुंगी आली, बोलण्यात घोळ वाटला, तर लगेच मोठ्या हॉस्पिटलात न्या.” वडिलांनी यातलं पहिलं वाक्य ऐकलं. गादीवाल्यांनी दुसरं. एकाच खोलीतून दोघं दोन निदानं घेऊन बाहेर पडले.

शनिवारी सकाळी खारीचे वडील आणि कोचसाहेब दुकानात आले. गादीवाले एका लग्न ठरलेल्या मुलाची डबल गादी शिवत होते. त्यांनी दाभण खाली ठेवली नाही.

“पोरगी ठणठणीत आहे,” वडील म्हणाले. “सकाळी उठली, जेवली, भांडली. डॉक्टरपण म्हणाला काही नाही.”

“डॉक्टर म्हणाला खेळ बंद.”

“गादीवाले, मी दिवसभर वर क्रेनमध्ये बसून खाली बघतो. आयुष्यात एवढंच केलंय. हिने तरी वर बघावं. ते दोघं पुढच्या वर्षी येणार नाहीत. तुम्ही तिला उद्या बसवलंत तर मी तुम्हाला माफ करणार नाही, हे तोंडावर सांगून ठेवतो.”

“नका करू,” गादीवाले म्हणाले.

कोचसाहेब अवघडून म्हणाला, “काका, तसं बघितलं तर लाल कार्डामुळे तुम्हाला उद्या मैदानात यायचीच बंदी आहे. टीम मी लावणार. ती स्वतः खेळते म्हणत असेल, तर मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?”

ते गेल्यावर गादीवाल्यांनी चार टाके चुकीचे घातले आणि उसवले. आतल्या दारात बायको उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“तुम्ही पोरीशी बोला,” ती म्हणाली. “बापाशी नाही, कोचशी नाही. पोरीशी.”

“काय बोलू? कालपासून चार वेळा सांगितलं, खेळू नकोस.”

“ते नाही. तुमचं सांगा.”

गादीवाल्यांनी दाभणात दोरा ओवला. तीस वर्षं माणूस एखादी गोष्ट दडवतो, तेव्हा ती गोष्ट छोटी असली तरी तिच्यावर रचलेलं घर मोठं होऊन बसतं. त्यांना न्हावी आठवला, आरसा आठवला. “लोक काय म्हणतील?”

“लोकांचं डोकं फुटलंय का?” बायको म्हणाली आणि आत निघून गेली.

दुपारी खार आपणहून आली. येताच तिने चपला काढल्या, दुकानातल्या नव्या गादीवर झेप टाकली आणि उठून उभी राहिली. “बघा. काही झालंय मला?” उभं राहताना तिने एका हाताने भिंत धरली होती. गादीवाल्यांनी ते पाहिलं.

“पुन्हा उडी मारू नकोस. खाली बस,” ते म्हणाले. ती बसली. तेही समोर फोमच्या थरावर टेकले. मग त्यांनी सांगितलं. डाव्या बुटाची नाडी, सकाळची खाट, टेबलावरचा कप. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत, याचंच त्यांना नवल वाटलं.

खारीने विचारलं, “मग त्या दोन पेनल्टी?”

“अडवल्या म्हणतात. फोटो आहे. फोटोत माझ्यासारखा दिसणारा एक माणूस आहे.”

“पण न्हावीकाका तर सगळं…”

“न्हावी होता तिथे. मी नव्हतो.”

गादीवाल्यांनी विचारलं, “काल त्या फ्री किकला तू डावीकडे झेपावलीस. बॉल कुठल्या हाताने काढलास?”

खारीने आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. “डाव्या,” ती म्हणाली.

“उजव्या. वरच्या हाताने. मीच शिकवलंय तुला तसं, आणि तू ते बरोबर केलंस.” ते थोडे पुढे सरकले. “पोरी, चूक माझी आहे. तुला गुडघा लागला तेव्हा तू लगेच उठलीस, आणि मी मूर्खासारखा मांडीवर थाप मारली. वीस वर्षं मी सगळ्यांना उठायला शिकवलं. पडून राहायला कुणालाच शिकवलं नाही.”

खारीचे डोळे भरून आले, पण ते रागाने. “तुमच्यामुळे मी इथेच राहणार,” ती म्हणाली आणि चपला हातात घेऊन निघून गेली. गादीवाले तिच्या मागे गेले नाहीत. आपलं सांगणं तिच्या कानात शिरलं की दारावरूनच परत आलं, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

रविवारी ते मैदानाच्या कुंपणाबाहेर जाळीला धरून उभे राहिले, शेजारी न्हावी. दुकान बंद ठेवून तो आला होता. टीम बाहेर आली. गोलकडे संथ पावलं टाकत उशी निघाली. खार ट्रॅकसूट घालून बाकाच्या टोकाला बसली होती, मान खाली. नंतर कळलं, की तिनेच सकाळी कोचसाहेबाला सांगितलं, “सर, मला परवाचं काही आठवत नाही.” कोचसाहेबाचा चेहरा तेव्हा तोंडात मारल्यासारखा झाला म्हणे. गादीवाल्यांनी जाळीवर कपाळ टेकवलं.

मॅच हरलो. शेवटून सातव्या मिनिटाला एक साधी किक जिराफच्या टाचेला लागून वळली आणि उशीच्या उलट बाजूने आत गेली. तिचा काही दोष नव्हता. त्याआधी तिने तीन चांगले बॉल अडवले होते. निवडकर्त्यांनी जिराफला घेतलं आणि समोरच्या टीममधल्या दोघींना. खारीचं नाव त्यांनी विचारलंसुद्धा नाही. विचारतील कसे, त्यांनी तिला पाहिलंच नव्हतं.

वडील खारीला घेऊन जाळीजवळून गेले. “झालं तुमचं समाधान?” ते न थांबता म्हणाले. न्हावी काहीतरी बोलायला गेला. गादीवाल्यांनी त्याचा हात दाबला.

दिवेलागणीला गादीवाले दुकान आवरत होते, तेव्हा वडील परत आले. धावत आले असावेत. ते दारातच उभे राहिले. गादीवाल्यांना वाटलं, हा माणूस आपल्याला मारायला आलाय. त्यांनी ते मनातून मान्यही केलं.

“घरी जाताना तिने मला विचारलं, बाबा, मॅच कोण जिंकलं,” वडील म्हणाले. “मला वाटलं, टोमणा मारतेय. मी सांगितलं, हरलो. ती बरं म्हणाली. वळणावर परत विचारलं. घरात शिरल्यावर परत. आता उलटी झाली, आणि मला म्हणते, बाबा, फायनल उद्या आहे ना?” त्यांनी दाराची चौकट धरली. “नव्वद मिनिटं बाकावर बसून होती हो ती. डोळे उघडे ठेवून.”

गादीवाल्यांनी फळकुटावरचा दिवाही विझवला नाही, दार तसंच उघडं टाकलं. बायकोला हाक मारून ते आणि वडील धावले. कोपऱ्यावर न्हाव्याने कुणाची तरी गाडी थांबवली आणि अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकाला तसंच सोडून तोही बरोबर आला.

घरून खारीला गाडीत घेतलं आणि मोठ्या हॉस्पिटलात तिच्या डोक्याचा फोटो काढला. दोन तास सगळे एका लांब बाकावर बसले. वडिलांनी मधेच गादीवाल्यांचा हात धरला आणि तो सोडायचा विसरून गेले. मग डॉक्टरीणबाई आल्या. रक्त साकळलेलं नाही, त्या म्हणाल्या, पण मेंदूला चांगलाच मार बसलाय. अंधाऱ्या खोलीत झोपून राहायचं, दोन महिने बॉलचं नाव नाही, मग टप्प्याटप्प्याने बघू. आठवण हळूहळू जागेवर येईल. “आज खेळली नाही ना ही?” त्यांनी विचारलं.

“नाही,” वडील म्हणाले.

“बरं झालं. या अवस्थेत आणखी एक ठोकर बसली असती, तर मी तुमच्याशी वेगळंच काहीतरी बोलत असते.”

वडील परत बाकावर बसले. गादीवाले त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. माफीबिफीचं कुणी काही काढलं नाही.

आत जायला एकेकालाच परवानगी होती, पण डॉक्टरीणबाईंनी दोघांना सोडलं. पडदे ओढलेले होते. खारीने डोळे किलकिले करून पाहिलं. “काका, मॅच झाली?”

“झाली.”

“मी होते?”

“बाकावर होतीस. गोलमध्ये उशी होती.”

“मग? जिंकलो?”

वडिलांनी मागून गादीवाल्यांच्या सदऱ्याला हात लावला. सांगा ना जिंकलो म्हणून, असं त्या हाताचं म्हणणं होतं. गादीवाल्यांना ते समजलं, आणि क्षणभर मोहही झाला.

“हरलो. एक-शून्य,” ते म्हणाले. मग त्यांनी हळू आवाजात सगळं सांगितलं. वारा कुठल्या बाजूने होता. उशीने पहिला बॉल दोन्ही हातांनी पोटाशी घेतला, दुसरा डाव्या पायाने अडवला, तिसरा बोटांनी वर काढला. शेवटून सातव्या मिनिटाला जिराफची टाच मधे आली. बाकावर खार कुठे बसली होती, अंगात काय होतं, एकदा उठून उशीला पाण्याची बाटली कशी दिली, तेही सांगितलं. त्यांनी पदरचं काही घातलं नाही आणि काही गाळलं नाही.

खार ऐकत होती. “उशी बरी खेळली म्हणजे,” ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले. वडिलांनी तिच्या पायांवरची चादर सारखी केली. भिंतीपलीकडे कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं.

थोड्या वेळाने तिने पुन्हा डोळे उघडले. “काका,” ती म्हणाली, “मॅच झाली का हो?”

गादीवाल्यांनी स्टूल आणखी जवळ ओढलं आणि पहिल्या शिट्टीपासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.